गोल गठ्ठ्यातील पेंढा उलगडण्याची घरगुती घोडी

मावळ तालुक्याचे मुख्य पीक भात होय. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भाताचा दाणा माणसाच्या ताटात जातो आणि पेंढा जनावरांच्या गव्हाणीत. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ वाण या भागात घरोघरी पोचला आहे. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी व मळणी झाली म्हणजे वर्षभराच्या वैरणीची तरतूद होते. हा पेंढा पुढील पावसाळ्यापर्यंत, आणि कित्येक घरी भर पावसातही, पुरवावा लागतो. लोणावळ्याच्या बाजूस पावसाची झड दिवसेंदिवस उघडत नाही. अशा वेळी ओला झालेला पेंढा वाळविणे अशक्य असते. म्हणून साठविलेली वैरण कोरडी राखणे आणि तिची एक काडीही वाया न घालविणे यावरच गोठ्याचे बरेचसे अर्थकारण अवलंबून असते.

गठ्ठ्याचे गुण व दोष

पूर्वापार रीतीप्रमाणे पेंढ्या हाताने बांधून त्यांची उडवी रचतात. अलीकडे ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या लहान यंत्राने पेंढ्याचे गोल गठ्ठे बांधता येतात. असा गठ्ठा सुमारे 60 सें.मी. व्यासाचा, 90 सें.मी.हून किंचित अधिक लांबीचा व साधारणतः 20 किलो वजनाचा असतो. तो जागा कमी व्यापतो आणि वाहून नेण्यास सोयीचा पडतो.

गोल गठ्ठ्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत 1947 मध्ये लहान गोल गठ्ठे बांधणारे यंत्र विक्रीस आले. पुढे 1971 मध्ये आयोवा राज्यातील गॅरी व्हर्मीर यांनी शेकडो किलोंचे मोठे गठ्ठे बांधणारे यंत्र तयार केले. तेथे असे मोठे गठ्ठे ट्रॅक्टरमागील साधनाने कुरणात उलगडतात. आपल्याकडील चार-पाच जनावरांच्या गोठ्यास इतका खटाटोप नको. परंतु उलगडण्याचे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे.

गठ्ठ्याचा मोठा दोष असा की, त्याच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पेंढा पुरता वाळण्यापूर्वी बांधला गेला तर आत ऊब धरते व बुरशी वाढते. गठ्ठा तसाच जनावरांपुढे टाकला तर ती चांगली वैरण ओढून काढतात, बाकीची पायाखाली तुडवितात आणि बुरशीचा घासही नकळत पोटात जातो. गठ्ठा थराथराने उलगडला म्हणजे प्रत्येक थर नजरेखालून जातो.

घोडी कशी करावी

ही घोडी गावचा सुतार व लोहार मिळून सहज करू शकतात. लाकूड घरचे, भक्कम व वाळलेले घ्यावे.

सुमारे 120 सें.मी. लांबीचे चार वासे घ्यावेत. दोन-दोन वासे कात्रीप्रमाणे एकमेकांवर ठेवून, खालच्या टोकापासून 100 सें.मी. अंतरावर नट-बोल्टने जखडावेत. पाय 80 सें.मी. फाकविले म्हणजे वर बेचके तयार होते व त्याची उंची जमिनीपासून सुमारे 90 सें.मी. राहते. अशा दोन कात्र्या 110 सें.मी. अंतरावर समोरासमोर उभ्या करून खालच्या अंगास दोन आडव्या दांड्यांनी जोडाव्यात. मागील बाजूस एक तिरकी पट्टी ठोकावी, म्हणजे घोडी डुलत नाही.

आसासाठी सव्वा इंची जस्ती पाइपचा 150 सें.मी. लांबीचा तुकडा घ्यावा. त्याचे एक टोक लोहाराकडून निमुळते करून घ्यावे. दोन्ही बाजूंस भोके पाडून खिळी घालावी, म्हणजे आस सरकत नाही. बेचक्यात पत्र्याचा तुकडा बसविल्यास लाकूड झिजत नाही.

घोडीपुढे 2 मीटर लांब व 1 मीटर रुंद असा बांबूचा ताटवा जमिनीपासून 45 सें.मी. उंचीवर बसवावा. पेंढ्यातील धूळ व माती त्याच्या फटींतून खाली गळते. सर्व मांडणी छपराखाली, जनावरांच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर असावी.

वापरण्याची रीत

लहान यंत्राच्या गठ्ठ्याचा गाभा सैल असतो, त्यामुळे पाइप मध्यातून सहज आरपार जातो. पाइप घातल्यावर दोघांनी दोन टोके धरून गठ्ठा बेचक्यांत ठेवावा. गठ्ठ्याचे सुटे टोक ताटव्याच्या बाजूने खाली उतरेल अशी दिशा पाहावी. उलट असल्यास गठ्ठा फिरवून ठेवावा. गुंडाळीच्या विरुद्ध ओढल्यास पेंढा उलगडत नाही, तुटतो.

गठ्ठा घोडीवर बसल्यावरच दोरी कापावी व तिचे सर्व तुकडे लगेच गोळा करावेत. प्लॅस्टिकची दोरी किंवा जाळी जनावराच्या पोटात गेल्यास ती पचत नाही व साठून अडथळा करते.

बाहेरचा एक फेरा ओढला म्हणजे सुमारे पावणेदोन ते दोन मीटर लांबीची पट्टी ताटव्यावर येते. ती झाडून, पाहून, हव्या त्या मापाने गव्हाणीत टाकावी. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. गठ्ठ्याचा व्यास 60 वरून 42 सें.मी. झाला की निम्मा पेंढा संपलेला असतो, 30 सें.मी. उरला की केवळ चतुर्थांश शिल्लक असतो. डोळ्यांना अर्धा दिसणारा गठ्ठा प्रत्यक्षात पाव असतो, हे न ओळखल्यास वैरणीचा अंदाज चुकतो. शेवटचा गाभा पट्टीसारखा सुटत नाही. तो हाताने पिंजून घ्यावा.

बुरशीचा धोका

उलगडताना कुबट वास, पांढरी वा काळी बुरशी, चिकटलेले थर किंवा ऊब आढळल्यास तो भाग जनावरांस घालू नये. उकिरड्यावर टाकून त्याचे खत करावे. बुरशी लागलेल्या भातपेंढ्यामुळे जनावरांस, विशेषतः म्हशींस, ‘डेगनाला’ रोग होतो. त्यात शेपटीचा शेंडा, कानांच्या कडा व पायांचा खालचा भाग सडू लागतो. अशी लक्षणे दिसताच तो पेंढा बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

मूळ काळजी मात्र शेतातच घ्यावयाची असते. दव उतरल्यावर, काडी कडकडीत वाळल्यावरच गठ्ठे बांधावेत. ओलसर गठ्ठे रचल्यास ते आतून तापतात, प्रसंगी पेटही घेतात. गठ्ठे जमिनीवर न ठेवता लाकडी माचावर, भिंतीपासून थोडे दूर रचावेत.

पेंढ्याचा कस वाढविणे

भाताच्या पेंढ्यात प्रथिने थोडी, शेकडा 3 ते 4 इतकीच असतात. त्याचा कस युरिया प्रक्रियेने वाढविता येतो. 100 किलो वाळक्या पेंढ्यास 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर सारखा शिंपावा व थर दाबून हवाबंद झाकून 21 दिवस ठेवावा. बंद गठ्ठ्यावर पाणी शिंपले तर ते आत पोचत नाही. उलगडलेल्या पट्टीवर ते सारखे बसते, हा घोडीचा आणखी एक फायदा. प्रक्रिया केलेला पेंढा काही वेळ हवेवर पसरून मगच थोडा थोडा द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांस तो देऊ नये. युरिया व त्याचे पाणी जनावरांच्या तोंडी लागणार नाही याची कसोशीने दक्षता घ्यावी, कारण ते विषासमान ठरते.

घोडी केली म्हणून पेंढा वाढत नाही. जो आहे तो मात्र मापाने, स्वच्छ व पारखून गव्हाणीत जातो. भातकापणीनंतर, हाताशी थोडी फुरसत असता, सुताराकडून ती करून घ्यावी. पहिला पाऊस येण्यापूर्वी दोन-चार गठ्ठे उलगडून साठ्याची परीक्षा करावी, म्हणजे आषाढात फसगत होणार नाही.