उभ्या पोळ्यावर सूर्याची दिशा

मार्चमध्ये महाबळेश्वरच्या उतारांवर जांभूळ फुलली की सातेरी माशीच्या पेटीतला नाच बघावा. धूर द्यायचा नाही. धुराने माश्या मध प्यायला धावतात आणि नाच मोडतो. सातेरी चावते कमी, बिथरते जास्त. त्यामुळे दाराजवळची चौकट अगदी सावकाश उचलावी लागते. सोबतचे मधपाळ काका टॉवेल धरून तिच्यावर सावली करतात. ‘उभीच धरा, आडवी करू नका,’ असं ते दर वेळी बजावतात.

थोडा वेळ सगळी पळापळ असते. मग गर्दीत एक माशी वेगळी दिसू लागते. पोट डावी-उजवीकडे थरथरवत ती सरळ रेषेत पुढे जाते, थरथर थांबवून उजवीकडून वळसा घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तीच रेष आणि आता डावीकडून वळसा. चार-पाच माश्या मिशा तिच्या अंगाला लावून मागे धावतात. मध्येच ती थांबते, एकीला तोंडातून मकरंदाचा थेंब देते आणि पुन्हा सुरू होते. पेटीत एरवी अंधारच असतो. हा नाच अंधारात स्पर्शाने, हवेच्या कंपनांनी आणि वासाने समजून घ्यायचा असतो.

एका सकाळी थरथरीची रेष उभ्या दिशेपासून उजवीकडे साधारण साठ अंश कललेली होती. पोळ्यावर ‘वर’ म्हणजे सूर्याकडे. सूर्य पूर्व-आग्नेयेला होता, त्याच्या उजवीकडे साठ अंश म्हणजे जवळपास दक्षिण. दक्षिणेच्या उतारावर जांभळांची राई उभीच होती. बाहेर फुलांच्या दिशेचा सूर्याशी होणारा कोन ही माशी आत गुरुत्वाकर्षणाशी जुळवून मांडते. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकात हे उलगडलं आणि १९७३ मध्ये त्यांना लॉरेन्झ व टिनबर्गन यांच्यासह नोबेल मिळालं. हे मी कितीदा वाचलं होतं. पण समोरच्या माशीची रेष पाहून मान वळवावी आणि तिथे खरंच बहर असावा, याचं नवल वाचून येत नाही.

काकांचा ‘आडवी करू नका’ हा आग्रहही त्यामुळेच. आडव्या पृष्ठभागावर ‘वर’ अशी दिशाच उरत नाही. फुलोरी माशी मात्र आडव्यावरच नाचते. तिचं पोळं फांदीला लपेटलेलं असतं आणि वर सपाट माथा असतो. त्या माथ्यावर, आकाशाखाली, ती थेट फुलांच्या दिशेने रेष आखते. मार्टिन लिंडाउअर यांनी हे श्रीलंकेत पाहिलं.

थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त. माशी हे अंतर मोजते ते डोळ्यांपुढून सरकणाऱ्या दृश्यावरून. मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी माश्यांना नक्षीदार अरुंद बोगद्यातून उडवलं, तर काही मीटर उडूनही त्यांनी फार लांबचा पत्ता नाचून सांगितला. मापही जातीगणिक बदलतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की तेवढ्याच अंतरासाठी सातेरी फुलोरीपेक्षा आणि फुलोरी आग्या माशीपेक्षा जास्त वेळ थरथरते. सातेरी जवळपास फिरते, आग्या लांब जाते. जवळ फिरणाऱ्या माशीला बारीक माप परवडतं.

ऐकणाऱ्या माश्याही आज्ञाधारक नसतात. अनेक अनुभवी माश्या नाचाचा पत्ता बाजूला ठेवून, नाचणारीच्या अंगाला लागलेला ओळखीचा वास हुंगून आपल्या जुन्याच झाडाकडे निघतात. मला हा भाग नाचाइतकाच मोलाचा वाटतो.

२०२३ मध्ये चीनमधल्या एका प्रयोगात, जाणत्या माश्यांचा नाच कधीच न पाहिलेल्या तरुण युरोपीय माश्यांना वाढवलं. त्यांचे पहिले नाच विस्कळीत होते. दिशेची चूक सरावाने सुधारली, अंतराची जन्मभर राहिली. वसाहत विभागताना मला हे आठवतं. नवी पेटी त्याच आवारात ठेवली तर बाहेर फिरणाऱ्या जाणत्या माश्या जुन्या जागी परततात आणि नव्या पेटीत तरुणच उरतात. काका नवी पेटी त्याच रात्री काही किलोमीटर दूरच्या बागेत नेऊन ठेवतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘घरात म्हातारी माणसं हवीत.’