शितावरून बिअरची परीक्षा

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचा भाचा मेलबर्नला असतो. सुट्टीत चार मित्रांना घेऊन तो बीचवर्थ नावाच्या गावी गेला. तिथल्या छोट्याशा ब्रुअरीत सगळ्यांनी बिअर चाखल्या आणि पाचपैकी गुण दिले. पाच जणांची सरासरी निघाली पेल एलला ३.८ आणि आयपीएला ४.१. ‘मामा, आयपीएच सरस, आकडेच सांगतायत,’ असं भाचेबुवांचं म्हणणं. मामा निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे त्यांना हे पटेना. या ०.३ ला शास्त्रीय अर्थ काही आहे का, असं ते विचारतात.

एका शब्दात सांगायचं तर नाही. पण नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर शंभरावर वर्षांपूर्वी एका बिअरच्या कारखान्यातल्या माणसानेच शोधलं होतं. मग एका शब्दावर भागवणं जिवावर येतं.

आधी गावाविषयी. बीचवर्थ हे व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला, मेलबर्नपासून पावणेतीनशे-एक किलोमीटरवर आहे. १८५२ मध्ये सोनं सापडलं म्हणून ते वसलं, आणि नेड केली हा तिकडचा नामांकित दरोडेखोर इथल्या तुरुंगाची हवा खाऊन गेला. आज वस्ती चार हजारांच्या आतबाहेर असेल. ब्रिज रोड ब्रुअर्स ही २००५ साली सुरू झालेली ब्रुअरी इथे एका जुन्या हॉटेलमागच्या बग्गीखान्यात थाटलेली आहे. चव घ्यायची म्हटलं की लाकडी फळीत ओळीने बसवलेले छोटे ग्लास पुढ्यात येतात. या फळीला तिकडे पॅडल म्हणतात. एका टोकाला फिकट सोनेरी, दुसऱ्या टोकाला कोळशासारखा काळा पोर्टर.

जवळच्याच ओव्हन्स नदीच्या खोऱ्यात, बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सचे मळे आहेत. रॉस्ट्रेव्हरचा मळा तर १८९० पासूनचा. उंच तारांवर चढवलेल्या या वेलींची तोडणी मार्चच्या सुमारास होते. गॅलेक्सी ही ऑस्ट्रेलियातच पैदास केलेली हॉप्सची जात, आणि तिची बिअर नाकाशी नेली की आधी पॅशनफ्रूट आठवतं. त्यात पॅशनफ्रूटचा थेंबही नसतो. असे फळांचे वास येतात ते मुख्यतः हॉप्समधल्या तेलांमुळे आणि थायॉल या गंधकयुक्त रेणूंमुळे. काही थायॉल लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश इतके असले तरी आपल्या नाकाला कळतात. प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांनाही त्यासाठी घाम गाळावा लागतो.

आता याच घराण्यातला एक नतद्रष्ट भाऊ. बिअरमध्ये ब-२ जीवनसत्त्व म्हणजे राइबोफ्लेविन असतं. त्यावर ऊन पडलं की ते प्रकाश शोषून घेतं आणि हॉप्सच्या कडवट रेणूंची शेपटी तुटते. त्या शेपटीला गंधक चिकटून एक थायॉल तयार होतं. अमेरिकेतला स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर जो फवारा मारतो त्याच्याशी या रेणूचं जवळचं नातं आहे, आणि वासही तसाच, जळक्या रबराकडे झुकणारा. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. पण ग्लास पारदर्शक असतो. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात, अंगणातल्या टेबलावर पॅडल ठेवून गप्पा रंगल्या, तर पहिला ग्लास ताजा संपतो आणि तिसरा उन्हात ताटकळत राहतो. गुण देताना मग दोष बिअरचा की खुर्ची कुठे मांडली त्याचा? शिवाय कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. आयपीएनंतर सौम्य बिअर घेतली तर ती पाणचट लागते, म्हणून सौम्यापासून कडककडे जायचा रिवाज आहे. तो पाळला नाही तर सेझाँसारखी नाजूक बिअर बिचारी नाहक नापास होते.

हे सगळं सांभाळलं असं धरू. तरी आकड्याचा प्रश्न उरतोच. शितावरून भाताची परीक्षा करावी असं आपण म्हणतो, आणि भाताच्या बाबतीत ते खरं ठरतं, कारण पातेल्यातल्या सगळ्या तांदळाला तेच पाणी, तीच आच आणि तेवढाच वेळ मिळालेला असतो. एक शीत दाबलं की बाकीच्यांचं कळतं. पण शितं आपापल्या मर्जीने शिजू लागली, तर किती शितं दाबावीत? आणि चारच दाबायची मुभा असेल तर पातेल्याबद्दल किती खात्रीने बोलावं? गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा दुसरा प्रश्न संख्याशास्त्राने नीट सोडवलाच नव्हता. मोठे नमुने घ्या, म्हणजे सूत्रं लागू पडतात, असा सगळा खाक्या होता.

तो सोडवणारा विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत लागला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकलेला, तेवीस वर्षांचा पोरगा. कंपनीला हॉप्सची प्रत ठरवायला त्यातल्या मऊ राळेचं प्रमाण मोजावं लागे. एकाच मालातले नमुने वेगवेगळे आकडे देत, आणि हजार नमुने तपासायला ना वेळ ना पैसा. बार्लीच्या चाचण्यांचंही तेच, कारण शेत वर्षाला एकच हंगाम देतं. कंपनीने त्याला १९०६ मध्ये वर्षभरासाठी लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे पाठवलं. पिअर्सन मोठ्या नमुन्यांचे बादशहा, त्यांना या चार-पाच आकड्यांच्या कटकटीचं विशेष अप्रूप नव्हतं. गॉसेटने आपलं गणित मांडलं आणि ते पडताळायला एक नामी युक्ती केली. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी मापं छापून आलेली होती. ती त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे साडेसातशे गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती भरकटते ते हाताने मोजलं. संगणक नव्हता, हे वेगळं सांगायला नको. नेड केली तोवर फासावर गेला होता, नाहीतर त्याच्याही बोटाचा उपयोग झाला असता.

१९०८ साली ‘बायोमेट्रिका’त निबंध आला, पण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहायला कंपनीची मनाई, म्हणून लेखक ‘स्टुडंट’. पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्या गणिताला काटेकोर बैठक दिली, फिशर मोठे झाले, आणि बीएस्सीची पोरं स्टुडंट हे कुणाचं तरी आडनाव समजत ‘टी टेस्ट’ सोडवू लागली. माझी खरी तक्रार मात्र श्रेयाची नाही. पाठ्यपुस्तकांनी यातून ‘फरक लक्षणीय आहे की नाही’ एवढाच हो-नाहीचा खेळ उचलला. गॉसेटला त्यात रस नव्हता. फरक किती आहे आणि त्यापायी कंपनीचे किती पैसे जातात किंवा वाचतात, हे त्याला हवं असायचं. हिशेबी माणूस. १९३७ मध्ये वारला तेव्हाही तो गिनेसच्याच नोकरीत होता.

इथे एका मराठी माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पां. वा. सुखात्मे. गॉसेट जिथे वर्षभर राहून आला त्याच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सुखात्मे तिसाच्या दशकात संशोधनाला होते. दोन लहान नमुन्यांच्या सरासऱ्या ताडून पाहायच्या आहेत, पण दोन्हींमधला विखुरलेपणा सारखा नाही, अशा अडचणीच्या वेळी लागणारे तक्ते त्यांनी तयार केले. पेल एलवर सगळ्यांचं जवळपास एकमत आणि आयपीएवर टोकाची भांडणं, हे त्याचंच उदाहरण झालं. सुखात्म्यांचं नाव आपल्याकडे आहाराच्या वादात घेतलं जातं, या तक्त्यांसाठी कुणी घेत नाही.

आता हिशेब. समजा, पेल एलला पाच जणांनी ४, ४.५, ३.५, ४ आणि ३ असे गुण दिले. सरासरी ३.८. गॉसेटच्या तक्त्याप्रमाणे, पाचच आकड्यांवरून ९५ टक्के भरवशाने बोलायचं तर ३.८ ला दोन्हीकडे सुमारे ०.७ ची मुभा ठेवावी लागते. म्हणजे खरी सरासरी ३.१ ते ४.५ मध्ये कुठेही असू शकेल. आयपीएचे ४.१ त्या पट्ट्यात आरामात बसतात. मोठ्या नमुन्यांचं जुनं सूत्र लावलं असतं तर मुभा ०.५ वरच थांबली असती, म्हणजे उगाच जास्त खात्री. विखुरलेपणा तेवढाच ठेवून पाचशे जणांनी गुण दिले तर मुभा ०.०५ वर येते.

मग पाचशे जण गोळा केले की झालं? इथेच बिअरला गुण देणारे अ‍ॅपवाले आपल्याला गुंडाळतात. बिअरसाठी पावणेतीनशे किलोमीटर गाडी हाकणारा माणूस आधीच अर्धा खूश असतो, आणि अशा पाचशे खूश माणसांची सरासरी त्यांच्या खुशीचीच अचूक मोजणी असते. लेनर्ड ली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मला फार आवडतो. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या पबमध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना दोन बिअर दिल्या. एक साधी, दुसरीत बाल्सॅमिक व्हिनेगरचे काही थेंब. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच आवडली. ज्यांना पिण्याआधी सांगितलं त्यांनी नाकं मुरडली. आणि ज्यांना पिऊन झाल्यावर पण पसंती विचारण्याआधी सांगितलं, त्यांची आवड न सांगितलेल्यांसारखीच राहिली. म्हणजे ही माणसं खोटं बोलत नव्हती. आधी कळलेल्या गोष्टीने चवच बदलली होती.

भाच्याला घरी करण्याजोगा प्रयोग हवा असेल तर कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या तज्ज्ञांनी १९४० च्या दशकात चव घेणारी माणसं निवडण्यासाठी वापरलेली त्रिकोणी चाचणी करावी. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, एकात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा, बस. चांगली कुठली हे विचारायचंच नाही. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. पाचपैकी निदान चौघांनी निव्वळ नशिबाने बरोबर ओळखण्याची शक्यता २४३ पैकी ११, म्हणजे साडेचार टक्के. तेव्हा चौघांना जमलं तर फरक जिभेला खरोखर कळतोय असं मानायला हरकत नाही, आणि गुणांची भाषा त्यानंतर. ग्लास कुठल्या क्रमाने मांडायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, आणि ते भरणाऱ्याने चव घ्यायच्या वेळी खोलीबाहेर थांबावं, कारण त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं. बिअरचे रंग वेगळे असतील तर गडद ग्लास घ्यावेत किंवा लाल दिवा लावावा. पोर्टर आणि पेल एल यांच्यात ही चाचणी करू नये, ती डोळे मिटूनही पहिल्या घोटात संपते.