ऑल ब्लॅक्स आणि स्प्रिंगबॉक्स : रग्बीतील वैर आणि कातडीचा रंग

रणजी हे नाव भारतीय वाचकाला क्रिकेटच्या करंडकामुळे ठाऊक आहे. न्यूझीलंडच्या रग्बी इतिहासातही एक ‘रणजी’ होऊन गेला. नॅथॅनियल आर्थर विल्सन हे त्याचे खरे नाव. इंग्रज आणि वेस्ट इंडियन वंशाचा हा दणकट खेळाडू चेहऱ्याने कुमार रणजितसिंहजींची आठवण करून देई, म्हणून सहकाऱ्यांनी त्याला हे टोपणनाव दिले. १९०८ ते १९१४ या काळात तो न्यूझीलंडकडून खेळला. पहिले महायुद्ध संपल्यावर सैनिकांच्या संघातही त्याची जागा पक्की होती. १९१९ मध्ये हा सैनिकी संघ इंग्लंडहून मायदेशी परतताना सामने खेळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत थांबला. रणजी विल्सनला मात्र तेथे खेळू देण्यात आले नाही. त्याच्या कातडीचा रंग आड आला.

न्यूझीलंडचा ‘ऑल ब्लॅक्स’ आणि दक्षिण आफ्रिकेचा ‘स्प्रिंगबॉक्स’ या दोन राष्ट्रीय संघांची अधिकृत कसोटी तोवर झालीही नव्हती. पुढे ही स्पर्धा रग्बीतील सर्वांत मोठी मानली गेली आणि त्यांची शंभरावी कसोटी २०२१ मध्ये, करोनाच्या सावटामुळे ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे, खेळली गेली. या शंभर लढतींचे धावफलक जसेच्या तसे वाचले, तर निम्मीच गोष्ट कळते. कारण दक्षिण आफ्रिकेत जाताना न्यूझीलंडने अनेक वर्षे आपला पूर्ण संघ नेलाच नाही.

दोन्ही देशांत रग्बी हा नुसता खेळ नव्हता. न्यूझीलंडमध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांइतकाच तो मूळ रहिवासी असलेल्या माओरींनीही आपलासा केला. १८८८-८९ मध्ये ब्रिटनचा दौरा करणाऱ्या पहिल्या न्यूझीलंड संघात बहुसंख्य खेळाडू माओरीच होते. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धातील पराभवाने दुखावलेल्या आफ्रिकानेर समाजाने इंग्रजांचाच खेळ उचलला आणि इंग्रजांना हरविण्याचे साधन बनविला. धिप्पाड आघाडीपटू, स्क्रममध्ये प्रतिस्पर्ध्याला मागे रेटणे आणि पेनल्टीच्या अचूक किकवर गुण मिळविणे, ही त्यांची रीत. न्यूझीलंडचा भर चेंडू हातात घेऊन धावण्यावर. दोन्ही संघांना आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी हवा होता आणि तो त्यांना एकमेकांतच सापडला.

फुटलेली तार

१९२१ मध्ये स्प्रिंगबॉक्स प्रथम न्यूझीलंडला आले. तीन कसोट्यांपैकी एक यजमानांनी जिंकली, एक पाहुण्यांनी, तर वेलिंग्टनची कसोटी शून्य-शून्य सुटली. वाद मात्र पेटला तो नेपियर येथे माओरी संघाशी झालेल्या सामन्यावरून. पाहुण्यांनी तो ९-८ असा कसाबसा जिंकला. सामन्यानंतर एका दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने मायदेशी तार केली. गोरे प्रेक्षक स्वतःच्या वंशाच्या खेळाडूंविरुद्ध माओरींना प्रोत्साहन देत होते, हे आपल्या संघाला असह्य झाले, असा तिचा आशय होता. तार कचेरीतून हा मजकूर फुटला आणि तेथील वर्तमानपत्राने छापला. देशभर संताप उसळला.

हा संताप न्यूझीलंडच्या रग्बी मंडळापर्यंत पोहोचला नाही, असेच पुढील घटनांवरून म्हणावे लागते. १९२८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात जॉर्ज नेपिया हा त्या काळातील जगातला सर्वोत्तम फुलबॅक संघात नव्हता. नेपिया माओरी होता. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. नेपिया असता तर काय झाले असते, यावर न्यूझीलंडमध्ये वर्षानुवर्षे चर्चा झाली. १९४९ मध्ये तीच कथा. जॉनी स्मिथसारखा अव्वल सेंटर घरी राहिला आणि गोऱ्यांचा ऑल ब्लॅक्स संघ चारही कसोट्या हरला. ओकी गेफिन या आघाडीपटूने पहिल्याच कसोटीत पाच पेनल्टी मारून १५ गुण मिळविले. १९५६ मध्ये न्यूझीलंडने मायदेशी ३-१ असा सूड उगविला, तेव्हा निवृत्तीतून परत बोलावलेला केव्हिन स्किनर हा देशाचा माजी हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता होता, एवढे सांगितले म्हणजे त्या मालिकेतील स्क्रमची कल्पना यावी.

‘माओरी नाहीत, तर दौरा नाही’

१९६० च्या दौऱ्यापूर्वी या घोषणेखाली दीड लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. त्या वेळी देशाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याचे वजन कळते. दौरा तरीही झाला. १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फरवूर्ट यांनी माओरी खेळाडू आपल्याला चालणार नाहीत असे जाहीर सुचविले, तेव्हा कुठे १९६७ चा दौरा रद्द झाला.

१९७० मध्ये तोडगा निघाला. तीन माओरी आणि सामोआ वंशाचा ब्रायन विल्यम्स यांना प्रवेश मिळाला, पण ‘मानद गोरे’ म्हणून. माणसाला सन्मान म्हणून दुसऱ्याचा रंग बहाल करण्याची ही युक्ती वर्णद्वेषी राजवटीलाच सुचू जाणे. अपमान थोडा सभ्य झाला, इतकेच.

एव्हाना प्रश्न माओरींपुरता उरला नव्हता. ज्या देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना राष्ट्रीय संघाची दारेच बंद आहेत, त्या देशाशी खेळावेच का, असे विचारले जाऊ लागले. १९७३ मध्ये पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी स्प्रिंगबॉक्सचा दौरा थांबविला. भारताने १९७४ मध्ये याच कारणासाठी डेव्हिस चषकाची अंतिम लढत सोडली आणि हाताशी आलेला चषक दक्षिण आफ्रिकेला जाऊ दिला. १९७६ मध्ये मात्र सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या जात असतानाच्या दिवसांत ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेकडे निघाले. त्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकमधून अंग काढून घेतले. रग्बी तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हताही!

छप्पन्न दिवस

१९८१ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी खेळात राजकारण नको, अशी भूमिका घेत स्प्रिंगबॉक्सना येऊ दिले. पुढील छप्पन्न दिवस न्यूझीलंड स्वतःशीच लढत होता. २५ जुलै रोजी हॅमिल्टन येथे सुमारे साडेतीनशे निदर्शक कुंपण तोडून मैदानात शिरले आणि हातात हात गुंफून मधोमध उभे राहिले. सामना रद्द करावा लागला. दक्षिण आफ्रिकेत लोक पहाटे उठून थेट प्रक्षेपण पाहायला बसले होते. त्यांना रग्बीऐवजी दिसले ते आपल्या राजवटीविरुद्ध मार खायला तयार असलेले गोरे लोक. चिडलेल्या प्रेक्षकांनी निदर्शकांवर बाटल्या फेकल्या, अनेकांना रस्त्यात गाठून मारहाण केली. चार दिवसांनी वेलिंग्टनमध्ये संसद भवनाजवळ पोलिसांनी मोर्चावर दंडुके चालविले. वडील-मुलगा, नवरा-बायको यांच्यात वितुष्ट आले. दीड लाखांहून अधिक लोकांनी निदर्शनांत भाग घेतला, दीड हजारांवर लोकांवर खटले भरले गेले. ऑल ब्लॅक्सचा कर्णधार ग्रॅहम मूरी याने स्वतःहून संघाबाहेर राहणे पसंत केले.

मालिका १-१ अशी असताना १२ सप्टेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर तिसरी कसोटी सुरू झाली. एक छोटे विमान मैदानावर घिरट्या घालत पिठाच्या पिशव्या टाकत होते. त्यांपैकी एका पिशवीने न्यूझीलंडचा आघाडीपटू गॅरी नाइट खाली कोसळला. खेळ थांबला नाही. अखेरच्या क्षणी ॲलन ह्यूसनने पेनल्टी साधली आणि न्यूझीलंड २५-२२ ने जिंकला. इतका चुरशीचा सामना क्वचितच होतो. पण त्या दिवसाची आठवण काढणाऱ्यांना किकपेक्षा पीठच आधी आठवते.

१९८५ चा दौरा दोन वकिलांनी न्यायालयात जाऊन मनाईहुकूमाने रोखला. पुढच्या वर्षी निवडलेल्या तीसपैकी अठ्ठावीस खेळाडू ‘कॅव्हेलियर्स’ या नावाने मंडळाच्या परवानगीशिवाय दक्षिण आफ्रिकेत खेळून आले. जे दोघे गेले नाहीत, त्यांपैकी डेव्हिड कर्क याच्याच नेतृत्वाखाली १९८७ मध्ये न्यूझीलंडने पहिला विश्वचषक जिंकला.

सहा क्रमांकाची जर्सी

मंडेलांची सुटका झाल्यावर १९९२ मध्ये दोन्ही संघ जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर पुन्हा भेटले. राष्ट्रगीत वाजवायचे नाही, असे ठरले होते. तरी जुन्या राजवटीचे गीत वाजलेच. तीन वर्षांनी, २४ जून १९९५ रोजी, त्याच मैदानावर विश्वचषकाची अंतिम लढत झाली. कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने गोऱ्या सत्तेचे प्रतीक असलेली हिरवी जर्सी घालून राष्ट्राध्यक्ष मंडेला मैदानात उतरले. पाठीवर कर्णधार फ्रांस्वा पिनारचा सहा क्रमांक होता. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध चार ट्राय करणाऱ्या जोना लोमूला यजमानांनी एकही ट्राय करू दिला नाही आणि जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने सामना १५-१२ असा जिंकला. न्यूझीलंडच्या अनेक खेळाडूंची पोटे आदल्या दिवसांत बिघडली होती. त्यामागे घातपात असल्याचा संशय प्रशिक्षकांनी बोलून दाखविला, पण तो कधीच सिद्ध झाला नाही.

या विजयाचे चित्रपटी कौतुक पुष्कळ झाले. पण त्या पंधरा जणांत गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. दृश्य बदलण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. ऑल ब्लॅक्सनी १९९६ मध्ये, पाच दौरे विफल गेल्यानंतर, दक्षिण आफ्रिकेत पहिली मालिका जिंकली. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या मंडळाने वगळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळानेही मागितली. जॉर्ज नेपिया तोवर हयात नव्हता.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसमध्ये दोन्ही संघ पुन्हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आमनेसामने आले. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला लाल कार्ड मिळाले. चौदा खेळाडूंनिशी झुंजणारा त्याचा संघ ११-१२ असा एका गुणाने हरला. आफ्रिकेचे बाराही गुण हॅन्ड्रे पोलार्डच्या किकचे होते. चषक उंचावणारा सिया कोलिसी पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढला होता. मैदानावरची खुन्नस यामुळे कमी झाली असे मात्र नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडने ईडन पार्कवर २४-१७ असा विजय मिळविला आणि आठवड्याभरातच वेलिंग्टनमध्ये स्प्रिंगबॉक्सनी त्यांना ४३-१० असे लोळविले. ऑल ब्लॅक्सच्या कसोटी इतिहासातील फरकाच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा पराभव ठरला. १९९६ नंतर न झालेला जुन्या धर्तीचा लांब दौरा, कसोट्यांबरोबर स्थानिक संघांशीही सामने असलेला, दोन्ही मंडळांनी २०२६ साठी आखला.