शुभेच्छांचें टपाल

वाढदिवसाच्या सकाळीं टपालवाल्यानें एखादें चित्रमय शुभेच्छापत्र आणून द्यावें, ही चाल इंग्लंडांत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तिचें श्रेय सामान्यतः चित्रकार व छापखाना यांस दिलें जातें. परंतु तिचा खरा जन्मदाता टपालाचा दर होय.

इ. स. १८४० पूर्वीं त्या देशांत पत्राचें हंशील अंतर व कागदांची संख्या पाहून आकारीत, आणि बहुधा तें पत्र घेणाऱ्यासच भरावें लागे. अशा व्यवस्थेंत दूरच्या स्नेह्यास शुभेच्छा पाठविणें म्हणजे त्याच्याच कनवटीस हात घालणें! गरिबांच्या दारांतून तर कित्येक पत्रें तशींच परत जात. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १८४० सालीं अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास, अंतर कितीही असो, एक पेनी हा दर ठरला. तिकिटें निघालीं आणि हंशील पाठविणाऱ्यानें आधीं भरण्याचा प्रघात पडला. तेव्हांपासून पत्र हें घेणाऱ्यास ओझें न होतां भेट म्हणून देतां येऊं लागलें.

या सुधारणेच्या कामीं हिल यांस साहाय्य करणारे हेन्री कोल यांनीं १८४३ सालीं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळासाठीं एक कार्ड काढवून घेतलें. शिळाप्रेसवर छापून तें हातानें रंगविलें होतें. सुमारें एक हजार प्रती निघाल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालाच्या बारापट! पुढें रंगीत छपाई स्वस्त झाली, १८७० सालीं अर्ध्या पेनीचें टपाल सुरू झालें, आणि नाताळाचें कार्ड घरोघर पोहोंचलें. त्याच वाटेनें वाढदिवसाचेंही आलें.

हिंदुस्थानांत १८५४ सालीं अंतराचा विचार न करितां अर्ध्या आण्यांत पत्र जाऊं लागलें. १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड आलें. तथापि मराठी घरांत वाढदिवस तिथीनें होई, पाटावर बसवून औक्षण होई. आणि निरांजन कांहीं टपालानें धाडतां येत नाहीं. मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परगांवीं राहूं लागलीं, तेव्हां कार्डाची गरज येथेंही उत्पन्न झाली. औक्षण समोर बसलेल्याचें, कार्ड दूर असलेल्याचें.

छापील मजकुरानें माया स्वस्त होते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु छापील ओळी सर्वांस सारख्याच असल्या, तरी त्यांखालीं हातानें लिहिलेल्या दोन ओळी एकाच माणसाच्या असतात. आज भ्रमणध्वनीवरून शुभेच्छा क्षणांत व जवळजवळ फुकट जाते. घेणाऱ्यावरचा भार १८४० सालीं उतरला. आतां पाठविणाऱ्यावरचाही उतरला आहे. म्हणूनच स्वतः योजलेल्या त्या दोन ओळींचें मोल पूर्वींहून अधिक आहे; त्या मात्र वगळूं नयेत.