एक कोटीची लॉटरी, हातात किती?

महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून सुरू आहे. कोंढा गावातल्या एखाद्या धान उत्पादकाला तिचे एक कोटीचे बक्षीस लागले, तर 30 टक्के कर आधीच कापून 70 लाख मिळतील. पण हिशेब तिथे संपत नाही. 10 टक्के अधिभार आणि त्यावर 4 टक्के उपकर धरला, की दुसरे उत्पन्न नसले तरी एकूण कर 34.32 लाख होतो. म्हणजे उरलेले 4.32 लाख त्यालाच भरावे लागतात. तोवर पैसे ट्रॅक्टर-घरात गुंतले, की पंचाईत. शेतीचे उत्पन्न करमुक्त, मग हा भार जाचक नाही का? पण घामाच्या पगारावरही कर असताना नशिबाच्या पैशाला सूट मागणे मला पटत नाही. खटकते ते वेगळेच: वर्षानुवर्षे तिकिटांवर घातलेला खर्च या रकमेतून वजा होत नाही.