शब्दांचा माग – लेखांक ६ : गडचिरोली सोपी, चंद्रपूर अवघड

गेल्या आठवड्यात आपण दिलेल्या अक्षरांची नुसती अदलाबदल करून शब्द तयार केले. आज एक पायरी वर चढू. दिलेली सगळी अक्षरं ज्यात आहेत, असा इंग्रजी शब्द शोधायचा. क्रम कोणताही चालेल, वरून आणखी कितीही अक्षरं आली तरी चालतील. शब्द मात्र जितका लांब तितका चांगला. आणि अक्षरं बाहेरून कशाला आणायची? आपल्याच नद्या आणि आपलीच गावं घेऊ.

वर्धा नदी घ्या. स्पेलिंग डब्ल्यू-ए-आर-डी-एच-ए. आता ‘हार्डवेअर’ लिहून बघा : एच-ए-आर-डी-डब्ल्यू-ए-आर-ई. दोन्ही ‘ए’ धरून वर्धेची सहाही अक्षरं त्यात आहेत. वर उरतात फक्त एक ‘आर’ आणि एक ‘ई’. याहून लांब हवा असेल तर पंधरा अक्षरी ‘स्ट्रेटफॉरवर्ड’ आहे. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा ‘चांदा फोर्ट’ स्टेशनाच्या नावात अजून टिकून आहे. त्याची सी-एच-ए-एन-डी-ए ही अक्षरं ‘हँडिक्राफ्ट’मध्ये सापडतात. चिचपल्लीला बांबूच्या वस्तू घडवायला शिकवतात, त्या कामाचंच हे नाव. आरमोरीची गंमत तर औरच. ए-आर-एम-ओ-आर-आय याच्यापुढे ‘ए-एल’ जोडा, की ‘आर्मोरियल’ तयार. घराण्याच्या मानचिन्हांविषयीचा हा शब्द आख्ख्या आरमोरीनेच सुरू होतो, तोही त्याच क्रमाने.

असे शब्द अचानक सुचतात, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. एकेक अक्षर जुळवत बसलं की चार-पाच अक्षरी शब्द हाती लागतात आणि गाडी तिथेच अडते. लांब इंग्रजी शब्द तुकड्यांचे बनलेले असतात आणि त्यातले बरेच तुकडे ग्रीक-लॅटिनमधून आलेले आहेत. म्हणून आधी शेवटचा तुकडा ठरवायचा.

गडचिरोली बघा : जी-ए-डी-सी-एच-आय-आर-ओ-एल-आय. ‘आय’ दोनदा आहे, म्हणजे वेगळी अक्षरं नऊ. ‘बायोलॉजिकल’, ‘जिऑलॉजिकल’ या शब्दांची शेपटी आठवा : ओ-एल-ओ-जी-आय-सी-ए-एल. या एका शेपटीने ओ, एल, जी, आय, सी, ए ही सहा अक्षरं एकदम मिळाली. उरले डी, एच आणि आर. हे तिघं एकत्र कुठे असतात? पाण्याच्या ‘हायड्रो’मध्ये. झाला ‘हायड्रॉलॉजिकल’, बारा अक्षरी. फक्त त्यात ‘आय’ एकदाच येतो. नाव काटेकोर पुरं करायचं तर दुसरा ‘आय’ हवा, म्हणून मधे ‘बायो’ घाला : ‘हायड्रोबायोलॉजिकल’, अक्षरं पंधरा. पाण्यातल्या जीवसृष्टीच्या अभ्यासाचा हा शब्द, आणि त्यात वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावतीच्या जिल्ह्याचं नाव पुरतं सामावलेलं. मला या सगळ्या शोधातला हा सर्वांत सुंदर वाटतो.

सागवानाच्या खोडातली वर्षावलयं मोजून काळ ठरवतात, त्या शास्त्राचा एकोणीस अक्षरी ‘डेन्ड्रोक्रोनोलॉजिकल’ही नऊच्या नऊ अक्षरं देतो, पण दुसऱ्या ‘आय’ला तोही कमी पडतो. ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राफिकली’ पडत नाही, आणि तो चोवीस अक्षरी आहे.

चंद्रपूरला ही शेपटी उपयोगी नाही. सी-एच-ए-एन-डी-आर-ए-पी-यू-आर यातला ‘यू’ आडवा येतो, शिवाय ‘एन’ आणि ‘डी’ही हवेत. इथे पुढे ‘अन’ आणि मागे ‘एड’ लावायचं. तेवढ्याने यू, एन, डी मिळतात; उरतात सी, एच, ए, आर, पी. सोबतीला येणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला जुन्या इंग्रजीत ‘शॅपरोन’ म्हणत. तो शब्द मधे बसवला की यू-एन-सी-एच-ए-पी-ई-आर-ओ-एन-ई-डी. वेगळी आठही अक्षरं आली, पण ‘ए’ आणि ‘आर’ एकेकदाच. ‘अप्रोच’ बसवून ‘अनअप्रोच्ड’ केलं तर ‘ए’ दोन होतात, ‘आर’ मात्र एकच राहतो. ‘रेडिओफार्मास्युटिकल’मध्ये चार ‘ए’ आणि दोन ‘आर’ आहेत, तर ‘एन’च नाही.

कॉम्प्युटर हेच काम क्षणात करतो. यादीतल्या प्रत्येक शब्दासाठी तो सव्वीस खुणांची एक ओळ ठेवतो : अक्षर आहे की नाही. नावाच्या सगळ्या खुणा त्या ओळीत दिसल्या की शब्द पास. दुसरा ‘आर’ आहे का, हे बघायला मात्र वेगळी मोजणी लागते. आणि यादी कोणती घेता, यावरही उत्तर बदलतं. कॉलिन्सच्या २०१९च्या स्क्रॅबल यादीत २,७९,४९६ शब्द आहेत, पण पंधरा अक्षरांपुढचा एकही नाही, कारण स्क्रॅबलच्या पटावर एका ओळीत घरंच पंधरा असतात. ताडोब्याची टी-ए-डी-ओ-बी-ए ही अक्षरं चौदा अक्षरी ‘बायोडिग्रेडेशन’मध्ये आहेत, तो पटावर मावतो. सोळा अक्षरी ‘बायोडिग्रेडेबिलिटी’ मावत नाही, म्हणून त्या यादीत शोधणाऱ्याला तो भेटतही नाही.

इंद्रावतीची नऊही अक्षरं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’मध्ये आहेत, प्राणहितेची आठही ‘अँथ्रोपोलॉजिकल’मध्ये. दोन्ही स्वतः लिहून ताडून बघा.

शिक्षकांना एक विनंती आहे. स्पेलिंग घोकून घेण्यातला थोडा वेळ याला द्या. मूल असो, सिंदेवाही असो की एटापल्ली, मुलांच्या गावाचं नाव फळ्यावर लिहा आणि शेपटीपासून सुरुवात करायला सांगा. ‘हायड्रो’ एकदा ओळखीचा झाला की पाठ्यपुस्तकातले दहा अवघड शब्द आपोआप सुटतात.

पुढच्या आठवड्यासाठी गोदावरी : जी-ओ-डी-ए-व्ही-ए-आर-आय. ‘डिसअ‍ॅडव्हान्टेजस’वर विसंबू नका, त्यात ‘आर’ नाही. अचूक उत्तर पंधरा अक्षरी आहे. पुढचा तुकडा ‘ओव्हर’, मागचा ‘आय-एन-जी’. मधला तुम्ही शोधा.