आकडा वॅटचा, प्रश्न व्होल्टेजचा

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत अंबड, परतूर, भोकरदनसारख्या गावी संगणकाचे वर्ग निघाले. २०११ नंतर ‘संग्राम’ या ई-पंचायत प्रकल्पामुळे संगणक ग्रामपंचायतीत पोचला. या साऱ्या काळात एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, घेताना गिऱ्हाईक एकच विचारत आलं: किती वॅटचा? जालना जिल्ह्यापुरता तरी हा प्रश्न दुय्यम होता, असं माझं ठाम मत आहे. दाखले काढणारा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक शंभर वॅटही क्वचितच ओढतो. शिवाय डब्यावरचा ४५० वॅट हा आकडा सगळ्या व्होल्टेजवरच्या वॅटची बेरीज असे. २००० मध्ये पेंटियम ४ आला, प्रोसेसरचा भार १२ व्होल्टवर सरकला; त्या १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात, हे मात्र लेबलावरच्या बारीक तक्त्यातच राहिलं.

संगणक बंद पडायचे ते भिंतीतून येणाऱ्या विजेमुळे. लोडशेडिंगनंतर वीज आली की शेतातल्या मोटारी एकदम सुरू होत आणि डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ताण येऊन व्होल्टेज खचे. साध्या एसएमपीएसमधल्या कपॅसिटरची साठवण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० च्या जागी १७० आले की ती जवळपास निम्मी उरते, आणि डोळ्याला जेमतेम जाणवणारी झपकीसुद्धा संगणक रीस्टार्ट करते. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन) असलेला, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस तोच कपॅसिटर ३८० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतो. बाहेर १७० असले तरी. निवडीची पहिली कसोटी हीच असायला हवी होती.

‘यूपीएस आहे की’, असं यावर म्हटलं जाईल. यूपीएस हवाच. पण व्होल्टेज सतत पडत असेल तर साधा यूपीएस वारंवार बॅटरीवर जातो आणि बॅटरी लवकर संपते. इनपुटची कक्षा मोठी असलेला, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरण्याची सोय) असलेला यूपीएस चांगल्या एसएमपीएसला जोड म्हणून लागतो. किमतीचा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण चांगला एसएमपीएस साध्याच्या काही पट महाग पडतो. तरी दाखल्यांच्या हंगामात सेवा केंद्र एक दिवस बंद राहिलं, तर केंद्रचालकाची कमाई बुडते आणि खेड्यातून आलेल्या माणसाची मजुरीही. अर्थिंगचा खर्च मात्र कुठलाच एसएमपीएस वाचवत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासावं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून नेहमीची तपासणी एप्रिल-मेमध्येच करावी.